तक्रार नाही

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. बक फोर्कच्या अग्निशमन केंद्राच्या स्वयंपाकघरात व्हर्लीन टोलर लांब टेबलापाशी उभी होती आणि लॉनी क्लाइनच्या फायलीतल्या अठ्ठ्याऐंशीव्या पानावर लाल पेन्सिलीने रेघ मारत होती. रेघ आधीच मारलेली होती. ती पुन्हा त्याच रेघेवरून पेन्सिल फिरवत होती. कागद फाटायच्या बेताला आला तेव्हा थांबली.

फाइल चारशे बारा पानांची. त्यातली ही एकच ओळ तिला पाठ होती. लॉनीच्या पहिल्या सुनावणीत न्यायाधीशाने विचारले होते, रोजचे व्यवहार कसे चालतात? अर्जदाराचे उत्तर: 'बरं चाललंय. तक्रार नाही.'

या चार शब्दांवर लॉनीचा अपंगत्वाचा अर्ज फेटाळला गेला. निकालपत्रात आणखीही कारणे होती. अर्जदाराची दाढी केलेली होती. शर्टाला इस्त्री होती. प्रश्नांची उत्तरे त्याने नम्रपणे दिली.

व्हर्लीन त्रेसष्ट वर्षांची. परगण्याच्या ठिकाणी पेन्शन आणि अपंगत्वाचे अर्ज घेणारे जे सरकारी कार्यालय आहे, तिथे तिने सत्तावीस वर्षे तीन नंबरच्या खिडकीमागे काढली. निवृत्त झाली तेव्हा तिला एक भिंतीवरचे घड्याळ मिळाले. ते तिने या स्वयंपाकघरात लावले आणि दर मंगळवारी आणि गुरुवारी त्याच्याखाली बसू लागली. पैसे घेत नाही. कोणी घेवड्याच्या शेंगांची बरणी आणली तर ती बरणी अग्निशमनवाल्यांच्या फडताळात जाते. वकील नसलेल्या माणसालाही सुनावणीत अर्जदाराची बाजू मांडता येते, हे या दरीत तिच्यामुळे माहीत झाले. सात वर्षांत तिने एकशे एकोणचाळीस माणसे उभी केली. त्यांतली एक्याऐंशी जिंकली. उरलेल्या अठ्ठावन्न जणांची नावे ती न अडखळता सांगते. आपण होऊन मात्र सांगत नाही.

पावणेसातला लॉनी आला. अठ्ठेचाळीस वर्षांचा, उंच, डाव्या बाजूला किंचित कललेला. खाणीच्या छताला लोखंडी बोल्ट ठोकायचे त्याचे काम. चार वर्षांपूर्वी छताचाच एक थर सुटून पाठीवर आला. मणक्यात सहा स्क्रू आहेत आणि डाव्या हाताच्या दोन बोटांना स्पर्श कळत नाही. शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा.

"हा शर्ट कुणी सांगितला घालायला?" व्हर्लीनने विचारले.

"ट्विलानं काढून ठेवला होता." ट्विला त्याची बायको. "वॉशिंग्टनची माणसं येणार म्हणाली."

"बस."

"उभा बरा आहे."

"बरं. मी न्यायाधीश. मिस्टर क्लाइन, सकाळी बुटाच्या नाड्या कोण बांधतं?"

लॉनीने बुटांकडे पाहिले. "जमतं."

"कोण बांधतं विचारलं."

"ट्विला बांधते, कामावर जायच्या आधी. पण हे तुम्हाला म्हणून सांगतोय, मिस व्हर्लीन."

"हेच तिथं सांगायचं."

"कोट घातलेल्या परक्या माणसाला सांगू, माझी बायको माझ्या नाड्या बांधते म्हणून?"

"हो."

"त्यापेक्षा मी अक्रोड निवडीन."

अक्रोडांचा विषय फायलीतलाच होता, पान एकशे तीन. पहिल्या सुनावणीत रोजगाराचा एक तज्ज्ञ साक्षीदार फोनवर होता. न्यायाधीशाने त्याला विचारले, असा माणूस बसून काय करू शकेल? तज्ज्ञाने सांगितले, अक्रोड निवडू शकेल. पट्ट्यावरून जाणारे किडके अक्रोड बाजूला काढायचे. अशा हजारो जागा देशात आहेत. त्याने हे ज्या यादीतून वाचले ती सरकारी यादी लॉनी दुसरीत असताना तयार झालेली. ते काम आता यंत्र करते. व्हर्लीनने तीन राज्यांतल्या अकरा कारखान्यांना फोन केले होते. एका ठिकाणी फोन घेणारी बाई इतकी हसली, की तिला खोकला आला.

निकाल परत तपासायला लावण्यात व्हर्लीनला यश आले आणि दुसरी सुनावणी मिळाली. ती उद्या होती. तिसरी मिळत नाही असे नाही, पण लॉनीच्या घराचे हप्ते थकले होते आणि बँक तितके दिवस थांबणार नव्हती.

आज मात्र मंडळ होते.

वॉशिंग्टनमध्ये एक सल्लागार मंडळ आहे. म्हातारपणीची पेन्शन आणि अपंगांना मिळणारी मदत या योजना कशा चालाव्यात, यावर ते राष्ट्राध्यक्षांना, संसदेला आणि खात्याच्या प्रमुखांना सल्ला देते. सदस्य सात. कोणत्याही एका पक्षाची त्यावर पकड बसू नये, अशी तरतूद कायद्यातच आहे. मंडळ अभ्यास करते, लोकांचे ऐकते, अहवाल लिहिते. हुकूम देऊ शकत नाही. ही कामांची यादी कालबाह्य झाली आहे, असे या मंडळाने आजवर पाच अहवालांत लिहिले होते. पाचही वेळा एकमताने. पाचही अहवाल व्हर्लीनच्या टेबलावर होते आणि पाचही तिने शेवटच्या पानापर्यंत वाचले होते. दोन पक्ष भांडतात म्हणून काम अडते, असे लोक म्हणतात तेव्हा तिला राग येतो. इथे कोणी भांडतही नव्हते.

मंडळ प्रथमच वेस्ट व्हर्जिनियात जाहीर बैठक घेत होते, आणि तीही उद्याची सुनावणी ज्या शहरात त्याच शहरात. व्हर्लीनने तीन पत्रे लिहून लॉनीसाठी तीन मिनिटे मिळवली होती. मंडळाकडून काही मिळेल अशी तिची समजूत नव्हती. लॉनीने एकदा तरी परक्या माणसांसमोर तोंड उघडावे, एवढाच तिचा हेतू होता. उद्याची तालीम.

साडेसातला ते तिच्या गाडीतून निघाले. एक्केचाळीस मैल, सगळी वळणे. लॉनी सव्वा तास बसून राहिला. वरच्या ओठावर घाम होता. ऑक्टोबरात गाडीची काच खाली होती, तरी होता. व्हर्लीनने तो पाहिला. ती वेळेच्या हिशोबात होती. तिने विचारले नाही आणि तो बोलला नाही.

कॉलेजच्या सभागृहात साठेक माणसे होती. मंचावर मंडळाचे चार सदस्य, प्रत्येकापुढे नावाची पाटी आणि पाण्याची बाटली. अध्यक्षा श्रीमती लिंडक्विस्ट एका पक्षाच्या, शेजारचे बार्कली ट्रेस दुसऱ्या पक्षाचे. दोघेही सभ्य. दोघांनीही तयारी केलेली होती, हे त्यांच्या प्रश्नांवरून कळत होते.

"माझं आणि बार्कलींचं कशावरच पटत नाही," लिंडक्विस्ट म्हणाल्या. "पण या योजनांवर पटतं."

"कॉफीवरही पटत नाही," ट्रेस म्हणाले. सभागृह हसले.

तासभर आकडे झाले. सुनावणीसाठी किती महिने थांबावे लागते. सन दोन हजार चौतीसनंतर पेन्शनचा निधी किती उरेल. एका प्राध्यापकाने पडद्यावर उतरती रेघ दाखवली. अर्जदारांचा अनुभव हा कार्यक्रमपत्रिकेवरचा सातवा विषय होता. सव्वाअकराला लॉनीचे नाव पुकारले.

तो ध्वनिक्षेपकापाशी गेला. हॅट हातात. व्हर्लीनने लिहून दिलेला कागद खिशात होता. तो खिशातच राहिला.

"आल्याबद्दल आभार, मिस्टर क्लाइन," लिंडक्विस्ट म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखरच मायेचा होता. "तुमचा अर्ज फेटाळला गेल्यापासून आपलं कसं चाललंय, हे आम्हाला सांगाल का?"

लॉनीने हॅट एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बरं चाललंय, मॅडम. तक्रार नाही."

पुढचे वाक्य येईल म्हणून सगळे थांबले. ते आले नाही. "लांबून आलात तुम्ही, त्याबद्दल आभारी आहे," एवढे बोलून तो वळला.

"हीच या देशाची ताकद आहे," ट्रेस म्हणाले. लिंडक्विस्ट यांनी मान हलवली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग बऱ्याच जणांनी वाजवल्या. कोपऱ्यातली लघुलेखिका ते सगळे टिपून घेत होती.

व्हर्लीन उठून मधल्या वाटेत उभी राहिली होती.

"मॅडम, तुमचं नाव यादीत नाही," लिंडक्विस्ट म्हणाल्या.

"नाही. अक्रोड निवडणाऱ्याचं आहे."

"आपण नंतर लेखी—"

"लेखीबद्दलच सांगते. त्या बाईंनी आत्ता जे लिहून घेतलं ना, 'तक्रार नाही', ते चुकीचं आहे. शब्द बरोबर आहेत. या माणसाला सकाळी अंथरुणातून उठायला पंचवीस मिनिटं लागतात. आमच्याकडं बाप्यानं परक्यासमोर गाऱ्हाणं मांडायचं नसतं. बायाही मांडत नाहीत, पण बाप्ये अजिबात नाही. पाय तुटला तरी विचारा, बरंय म्हणेल. हे तुमच्या न्यायाधीशांना कळत नाही, तज्ज्ञाला कळत नाही, आणि तुम्ही आत्ता त्यावर टाळ्या वाजवल्यात."

"तुम्ही त्यांच्या कोण?" ट्रेस यांनी विचारले.

"व्हर्लीन टोलर. त्यांची बाजू मांडते. त्याआधी सत्तावीस वर्षं तुमच्याच खात्याच्या खिडकीत होते." ती थांबली. पुढचे ती ठरवून आली नव्हती. "शहाण्णव साली या माणसाचा बाप माझ्या खिडकीसमोर उभा होता. आर्विल क्लाइन. फुप्फुसं कोळशानं भरलेली. आमच्या दाराला पायऱ्या चार. त्या चढताना तो दोनदा थांबला. मी काचेतून बघत होते. मग मी त्याला विचारलं, जिना चढता येतो का? तो म्हणाला, चढतो की. मी लिहिलं, जिना चढतो."

लघुलेखिका हेही टिपून घेत होती.

"नियम असा होता, की अर्जदार सांगेल ते लिहायचं. मी नियम पाळला. अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या सुनावणीची तारीख आली तेव्हा त्याला पुरून अकरा आठवडे झाले होते. तुमच्या सहाव्या अहवालात यादीबद्दल लिहायच्या आधी हे लिहा. माणूस काय बोलतो ते लिहून घेता, तो काय करतो ते बघा."

लिंडक्विस्ट यांनी पाण्याची बाटली थोडी सरकवली. "मिसेस टोलर, एकेका अर्जात लक्ष घालायला कायद्यानं आम्हाला मनाई आहे. तुमचं निवेदन इतिवृत्तात घेऊ. मार्चच्या अहवालासाठी त्याचा विचार होईल."

"मला मान्य आहे," ट्रेस म्हणाले.

"म्हणजे याच्यावरही एकमत," व्हर्लीन म्हणाली आणि बसली.

तिने बाजूला पाहिले तेव्हा लॉनीची खुर्ची रिकामी होती.

तो गाडीपाशी उभा होता. टपावर हात टेकून, डोके खाली. तिने दार उघडले. तो आत बसला. शहर मागे पडले, नदी आली, कोळसा वाघिणींत भरायचा जुना सांगाडा आला. पेट्रोल पंपावर तिने दोन पेपरोनी रोल घेतले आणि एक त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो उचलून समोरच्या काचेपाशी ठेवला.

"बापाबद्दल कधी सांगणार होतीस?" तो म्हणाला. 'मिस व्हर्लीन' गेले होते, 'तुम्ही'ही गेले होते.

"नव्हते सांगणार."

"मी दीड वर्ष तुझ्या टेबलाशी येतोय. तू मला शिकवतेस, लॉनी असं बोल, लॉनी तसं बोल. आणि माझ्या बापाचा कागद तू लिहिलास."

"हो."

"आई त्या वर्षी शाळेत भांडी घासायला लागली. ठाऊक आहे?"

"आहे."

"ठाऊक आहे म्हणे. तुला सगळं ठाऊक असतं. माझ्या कागदांना तू नंबर घातलेत. तुला काय ठाऊक आहे गं माझ्याबद्दल?"

व्हर्लीनने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"मी अंथरुणात झोपतच नाही, पंचवीस मिनिटं कसली," लॉनी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द एकामागून एक येऊ लागले होते. "खुर्चीत बसून डुलक्या काढतो, कारण आडवा झालो तर उठवायला ट्विला लागते आणि ती पहाटे चारला कामावर जाते. सकाळी संडासात बसलो तर उठताना बेसिनची कड धरतो. दोन महिन्यांमागं ती कड तुटली. मी तासभर तिथंच. कॉफीचा कप डाव्या हातानं धरला तर कळत नाही धरलाय की नाही, म्हणून बघत बसावं लागतं. नातू उचलला नाही मी अजून. दोन वर्षांचा झाला. त्याला वाटतं मला तो आवडत नाही. आणि आज सकाळी तू मला सव्वा तास या खुर्चीत बसवून नेलंस. माझे पाय कमरेपासून खाली मेले होते. त्या मंचासमोर उभा होतो तेव्हा जमीन पायाला लागत नव्हती. त्यात तुझा कागद कुठं काढू?"

"सांगायचंस की थांब म्हणून."

"तू विचारायचंस."

ते खरे होते. खिडकीत सत्तावीस वर्षे आणि टेबलावर सात, प्रश्न विचारणे हाच तिचा धंदा होता. सकाळचा घामही तिने जणू त्या खिडकीच्या काचेतूनच पाहिला होता.

तिने रस्त्याच्या कडेला, एका चर्चच्या मोकळ्या आवारात गाडी उभी केली. लॉनीला उतरायला वेळ लागला. त्याने दाराची चौकट धरली, आधी एक पाय बाहेर काढला, मग हाताने दुसरा. ती या वेळी नुसती बघत राहिली नाही. पिशवीतून वही काढली आणि घड्याळाकडे पाहिले. चार मिनिटे.

"काय लिहितेस?"

"गाडीतून उतरायला चार मिनिटं."

"खोटं आहे."

"घड्याळ आहे माझ्याकडं. उद्या हे सांग. आत्ता मला जसं सांगितलंस तसंच. मला शिव्या घाल हवं तर न्यायाधीशासमोर."

"उद्या मी तुझ्याबरोबर येत नाही."

व्हर्लीनने पिशवीत पुन्हा हात घातला आणि एक कोरा अर्ज त्याच्यापुढे धरला. "प्रतिनिधी काढून टाकण्याचा फॉर्म. एकच पान आहे. खाली सही. सकाळी नऊच्या आत कार्यालयात दिलास, की मी सुटले आणि तू सुटलास. बाजू तुझी तू मांडू शकतोस. फाइल तुला देते, नंबर घातलेली."

लॉनीने फॉर्म वाचला. शेवटपर्यंत वाचला, पाठपोट.

"हा तू सगळ्यांनाच देतेस?"

"पहिल्याच दिवशी देते. तुला दिला होता. तू त्यावर ट्विलाचा फोन नंबर लिहिलास."

तो हसला नाही. फॉर्मची घडी घातली आणि हॅटमध्ये ठेवली. "बापानं तुला काही म्हटलं होतं? त्या दिवशी?"

"आभारी आहे म्हणाला."

लॉनी चर्चच्या भिंतीला टेकून बराच वेळ उभा राहिला. शिवी दिली ती कोणाला, हे सांगता येत नव्हते. बापाला असावी. मग तो गाडीत चढला. व्हर्लीनने तेही मोजले. पाच मिनिटे. चढायला उतरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, याची नोंद चारशे बारा पानांत कुठेच नव्हती.

बक फोर्कला पोचेपर्यंत दोन वाजून गेले होते. ती अग्निशमन केंद्रात गेली आणि टंकलेखनाला बसली. पान चारशे तेरा: प्रतिनिधीने प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टी, तारीख, वेळ, ठिकाण. नवा पुरावा पाच दिवस आधी द्यावा लागतो. तेव्हा उशिराचे कारणही लिहिणे भाग होते. तिने लिहिले: 'मी आजवर विचारले नव्हते.' मग ते वाक्य वाचून पाहिले आणि तसेच ठेवले.

सातला स्वयंपाकघरातला फोन वाजला.

"तो फॉर्म ट्विलानं चुलीत घातला," लॉनी म्हणाला. "मी घालणार नव्हतो. तुला सांगून ठेवतो, मी तुला माफबिफ केलेलं नाही."

"मी माफी मागितली नाही."

"शर्ट इस्त्रीचाच घालणार. ते मी सोडणार नाही."

"घाल. इस्त्री कोण करतं ते मी विचारीन तुला तिथं."

पलीकडे मागे मूल काहीतरी बडबडत होते.

"सव्वासातला ये," लॉनी म्हणाला. "वाटेत दोनदा थांबावं लागेल. अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही मला."

व्हर्लीनने घड्याळाखालच्या कॅलेंडरवर लिहिले. उद्याची सुनावणी सव्वादहाला, तिसऱ्या मजल्यावर. रोजगाराचा तज्ज्ञ फोनवर असेल आणि यादी तीच असेल. बक फोर्कहून निघायची वेळ सव्वासात. थांबे दोन, पेट्रोल पंप आणि चर्चचे आवार, प्रत्येकी पंधरा मिनिटे.